पुंगळी तोंडावर येते, सवय होईल का?

(नेमबाजीविषयी वाचकांच्या प्रश्नांना निवृत्त पोलीस आर्मररची, म्हणजे शस्त्रं तपासणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्याची, उत्तरं)

प्रश्न : मी परळला राहते, बँकेत नोकरी करते आणि शनिवार-रविवार २५ मीटर पिस्तूल खेळते. पिस्तूल क्लबचं आहे, पॉइंट टू-टू (०.२२ इंच कॅलिबरचं). पावसाळा लागल्यापासून रिकामी पुंगळी (गोळी सुटल्यावर उरणारं काडतुसाचं पितळी कवच) सारखी माझ्याच अंगावर येते. कधी कपाळावर, कधी गळ्यापाशी. गेल्या रविवारी एक पुंगळी चष्मा आणि भुवई यांच्यामधल्या फटीत शिरली, गालावर लाल चट्टा उठला. आता गोळी सुटायच्या आधीच डोळे मिटतात आणि शॉट खाली डावीकडे जातो. सर म्हणतात, सवय होईल. एक मित्र म्हणतो, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारी आकडी) बदलून घे. हल्ली मला बहुतेक वेळा उजव्या भिंतीकडची शेवटची लेन मिळते, तेवढाच काय तो बदल. काय करू?

उत्तर : सवय होणार नाही. तुमच्या सरांचा मान राखून सांगतो, गरम पितळ डोळ्याजवळ आलं की पापणी मिटणारच, आणि ती मिटते तेच बरं आहे. पण दोनचारदा चटका बसला की शरीर आधीच तयारी करून ठेवतं. चाप दाबताना मनगट आवळतं, नळी खाली झुकते. उजव्या हातानं मारणाऱ्याचा शॉट मग खाली डावीकडे गेला नाही तरच नवल. तुमच्या खेळात याला जागाच नाही. रॅपिडमध्ये, म्हणजे झटपट मारायच्या टप्प्यात, लक्ष्य ३ सेकंद दिसतं आणि ७ सेकंद दडतं. फायनलला १०.२ गुणांचा किंवा त्याहून वरचा शॉट लागला तरच हिट, १०.१ ला भोपळा. २०१८ च्या जाकार्ता एशियाडमध्ये आपल्या राही सरनोबतनं याच प्रकारात सुवर्ण घेतलं, तेही ३४-३४ अशा बरोबरीनंतर शूट-ऑफ खेळून. अशा वेळी पुंगळीला घाबरणारा डोळा घेऊन उभं राहून बघा!

आधी सुरक्षेचं सांगतो, बाकी नंतर. पुंगळीचा चटका दोन दिवसांत बरा होतो. खरा धोका चटक्यानंतरच्या सेकंदाचा. आमच्या एका सरावात ९ एमएमची पुंगळी एका शिपायाच्या कॉलरमध्ये गेली. मानेमागून पाठीत उतरली तसा तो डावा हात मागे घालत गर्रकन वळला, आणि उजव्या हातातलं भरलेलं पिस्तूल त्याच्याबरोबर वळलं. शेजारच्या उस्तादांनी मनगट धरून नळी परत समोर दाबली म्हणून निभावलं. सगळ्या लाइनवर नंतर पाच मिनिटं कुणी बोललं नाही. तेव्हा घरी रिकाम्या हातानं याचा सराव करा : बोट चापावरून बाहेर, नळी लक्ष्याकडेच, पिस्तूल टेबलावर, हात मोकळा. मग काय नाचायचं ते नाचा. भाजत असलं तरी क्रम हाच.

आता तुमचं पत्र. लेनची गोष्ट तुम्ही जाताजाता लिहिलीत, मी तिथूनच सुरुवात केली. बहुतेक पिस्तुलं पुंगळी उजवीकडे फेकतात. उजवीकडे दोन-अडीच हातांवर पक्की भिंत असेल तर पुंगळी तिच्यावर आपटून परत येते, आणि ती येते ती नेमकी खांद्याच्या आणि डोक्याच्या उंचीला. २५ मीटरच्या रेंजवर दोन नेमबाजांमध्ये पारदर्शक पडदे लावतात ते शेजाऱ्याला पुंगळी लागू नये म्हणून. शेजारी वाचतो, पण मारणाऱ्याकडे परत यायला पुंगळीला हीच वाट उरते. म्हणजे पिस्तूल निर्दोष असून भिंत गुन्हेगार असू शकते. हे आधी ठरवल्याशिवाय स्क्रूड्रायव्हरला हात लावू देऊ नका.

ठरवायचं कसं? रेंज ऑफिसरला विचारून लाइनच्या मागे, बाजूला तिकाटण्यावर मोबाइल लावा आणि स्लो मोशनमध्ये एक सिरीज घ्या. पाच शॉटांत कळतं की पुंगळी थेट येते की टप्पा घेऊन. दुसरं, उजवीकडे जमिनीवर जुनी चादर पसरा. एकाच डबीतली दहा काडतुसं मारा आणि पुंगळ्या कुठे पडल्या ते बघा. सगळ्या साधारण एका टापूत पडल्या तर यंत्र एकसारखं चाललंय. एक पुढे, एक मागे, एक पायाशी अशा विखुरल्या तर पिस्तुलात काहीतरी आहे. मग मधली लेन मागून घ्या आणि हेच परत करा. तिथे अंगावर येणं थांबलं तर प्रश्न मिटला. भिंतीला जाड कापडाचा पडदा सैल लटकवायला सांगा. कापडावर आपटलेली पुंगळी तिथेच खाली पडते.

मधल्या लेनवरही येत असेल तर पिस्तुलाकडे वळू. पुंगळी बाहेर कशी पडते हे डोळ्यांसमोर आणा. गोळी पुढे सुटली की पुंगळी मागे ढकलली जाते आणि तिच्याबरोबर बोल्ट, म्हणजे पिस्तुलातला मागेपुढे सरकणारा भाग, मागे जातो. एक्स्ट्रॅक्टर म्हणजे एक बारीक आकडी. ती पुंगळीची कड धरून ठेवते. मागे जाताना पुंगळीच्या बुडाची दुसरी बाजू इजेक्टरवर, म्हणजे आत घट्ट बसवलेल्या खुंटावर आपटते. विटीच्या टोकावर दांडू बसला की ती गिरकी घेऊन उडते, तसंच. आकडीनं घट्ट धरलं आणि आपटणं जोरात झालं तर पुंगळी ठरल्या दिशेनं लांब जाते. आकडीची पकड सुटली किंवा बोल्ट रेंगाळला तर ती वेळेआधी निसटते, वर उडते आणि तुमच्या कपाळावर येते.

बोल्ट रेंगाळतो का? मुंबईत जून ते सप्टेंबर या प्रश्नाचं उत्तर नव्वद टक्के वेळा तेलात असतं. (हा आकडा माझा, शास्त्राचा नव्हे.) खारी हवा, दमट हवा, गंज चढेल म्हणून जो तो पिस्तुलात तेल ओततो. पॉइंट टू-टूच्या शिशाच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं, त्यात जळलेल्या दारूची काजळी मिसळते, वर हे तेल. त्याचा काळा चिकट लगदा होतो आणि तो नेमका आकडीच्या नखाखाली बसतो. नख पुंगळीच्या कडेवर पूर्ण टेकतच नाही. बाहेरून पिस्तूल लखलखीत दिसतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. बोल्ट बाहेर काढून आकडीखाली टूथपिकचं टोक फिरवा, काय निघतं ते बघा. पिस्तूल क्लबचं आहे, तेव्हा हे तुम्ही परस्पर करू नका. आर्मररसमोर बसून करून घ्या, आणि त्याला सांगा की चेंबरही (नळीत काडतूस बसतं ती जागा) कोरडं पुसून काढ. तेल लावायचं ते सरकत्या भागांवर थेंबभर, मग फडक्यानं टिपून घ्यायचं. गंजाची भीती असेल तर खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळच्या वेळी बदला.

साफ करून फरक नाही पडला तर काडतूस बदलून बघा. पॉइंट टू-टूमध्ये बोल्टला मागे ढकलायला फार जोर नसतोच. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. त्यामुळे एका कंपनीच्या डबीवर सुरेख चालणारं पिस्तूल दुसऱ्या डबीवर रुसतं. क्लबात हल्ली वेगळी काडतुसं आली असतील तर तेही विचारा. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. सफाई, डबी आणि लेन एकाच रविवारी बदललीत तर कशानं बरं झालं ते कधीच कळणार नाही.

पकडीचंही बघायला हवं, आणि इथे थोडं कडू बोलतो. मनगट ढिलं असलं की पिस्तूलच बोल्टबरोबर मागे जातं, बोल्टला आपटायला पक्की बैठक मिळत नाही आणि पुंगळी दमल्यासारखी बाहेर पडते. तुम्ही आता पुंगळीला घाबरताय, घाबरून शेवटच्या क्षणी हात सोडताय, त्यानं पुंगळी आणखी तुमच्याकडे येतेय, असंही असू शकतं. तपासणं सोपं आहे. तेच पिस्तूल, तीच डबी, तीच लेन, आणि मारायला तुमचे सर. त्यांच्याही कपाळावर आली तर दोष तुमचा नाही. "सवय होईल" हेही मग ते बहुधा पुन्हा म्हणणार नाहीत.

तुमच्या मित्राचा सल्ला मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. एक्स्ट्रॅक्टर किंवा त्याची स्प्रिंग थकते, हे खरं. बोल्ट सुटा केल्यावर एक रिकामी पुंगळी (रिकामीच, जिवंत काडतूस नाही) आकडीखाली सरकवायची आणि बोल्ट हलकेच हलवायचा. पुंगळी टिकून राहिली तर आकडी ठीक. लगेच गळून पडली तर स्प्रिंग किंवा नख गेलं. इजेक्टरचं टोक झिजलंय का तेही तेव्हाच बघून घ्यावं. कधी कधी दोष कारखान्यातूनच येतो. ग्लॉकच्या चौथ्या पिढीच्या ९ एमएम पिस्तुलांबद्दल अमेरिकेत पुष्कळ मालकांनी नेमकी हीच तक्रार केली होती, पुंगळी कपाळावर येते म्हणून. कंपनीनं पुढे इजेक्टरचा आकार बदलला. म्हणजे तक्रार करणारे सगळेच नाजूक नसतात.

हे सगळं मार्गी लागेपर्यंत अंगावरचे कपडे बदला. पुढे छज्जा असलेली टोपी चष्म्याच्या वरच्या कडेला टेकेल इतकी खाली ओढा. चष्मा आणि भुवईमधली फट तिथेच बंद होते. चष्म्याच्या आत अडकलेली पुंगळी ही मोकळ्या गालावर लागून गेलेल्या पुंगळीपेक्षा वाईट. ती तिथेच थांबते, भाजत राहते, आणि डोळा जवळ. गळाबंद टी-शर्ट घाला, मोठ्या गळ्याचा कुर्ता नको, ओढणी तर रेंजवर नकोच. सँडलऐवजी बूट.

डोळा मिटायची खोड मात्र पिस्तूल दुरुस्त झालं तरी लगेच जात नाही. जोडीदाराला मॅगझीन भरायला सांगा, आणि खऱ्या काडतुसांत एखादं डमी, म्हणजे दारू नसलेलं नकली काडतूस, कुठेतरी मध्येच घालायला सांगा. डमीवर चाप दाबला की आवाज नाही, धक्का नाही, आणि तुमची नळी खाली झुकलेली तुम्हालाच लख्ख दिसते. दोनचार रविवार हे केलंत की हात आपोआप शांत होतो. नुसता रिकामा चाप ओढायचा सराव करायचा असेल तर आधी आर्मररला विचारा. पॉइंट टू-टूची पिन कडेवर मारते, आणि चेंबर रिकामं असताना ती चेंबरच्याच काठावर आपटून खाच पाडू शकते. स्पर्धेच्या काही पिस्तुलांत त्यासाठी वेगळी सोय असते.

स्पर्धेसाठी एवढं ध्यानात ठेवा : पुंगळी डोळ्यावर आली म्हणून शॉट परत मिळत नाही. गोळी सुटली, तो शॉट तुमचा. पण पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतच अडकून पिस्तूल बंद पडलं तर ते मालफंक्शन, म्हणजे पिस्तुलाचा बिघाड. तेव्हा पकड सोडू नका, नळी समोर ठेवा, मोकळा हात वर करा आणि अधिकारी येईपर्यंत कशाला हात लावू नका. अडकलेली पुंगळी तुम्ही चिमटीत धरून काढलीत की बिघाडाची सवलत मागायचा हक्क गेला.

प्रश्न : माझ्याकडे स्वसंरक्षणाच्या परवान्यावरचं पॉइंट थ्री-टू पिस्तूल आहे. वर्षातून एकदा रेंजवर चालवतो. यंदा प्रत्येक पुंगळी सरळ मागे येऊन छातीवर आपटली. इंटरनेटवर एक्स्ट्रॅक्टर कानशीनं घासायचा व्हिडिओ बघितला. घरी करता येईल का? — डोंबिवली

उत्तर : नाही. कानशीनं काढलेलं लोखंड परत लावता येत नाही. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे शस्त्र दुरुस्तीलाही परवाना लागतो, तो तुमच्याकडे नाही. तुम्ही काडतुसं किती जुनी आहेत ते लिहिलं नाहीत. वर्षातून एकदा चालवणाऱ्याकडे ती बहुधा कपाटात म्हातारी झालेली असतात. नवी डबी आणा, दोन्ही हातांनी घट्ट धरून मारा. तरीही मागे आली तर परवानाधारक गनस्मिथकडे न्या आणि रिकॉइल स्प्रिंगसुद्धा (मागे गेलेला भाग परत पुढे ढकलणारी) बघायला सांगा. परवान्याची मूळ प्रत बरोबर ठेवा.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे, १० मीटर एअर पिस्तूल सुरू करतोय. त्याला पुंगळीनं भाजेल का? आणि क्लबातून आठवण म्हणून एखादी रिकामी पुंगळी घरी आणली तर चालते का? — बोरिवली

उत्तर : एअर पिस्तुलात दारू नाही, पुंगळीच नाही. हवेच्या दाबानं ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा जातो, बस्स. भाजायचा प्रश्न नाही, पण चष्मा हवाच, आणि छर्रे हाताळल्यावर डबा खायच्या आधी साबणानं हात धुवायला लावा. शिसं पोटात जाणं चांगलं नाही.

पुंगळी आणू नका. पोलिसात फायरिंग झालं की पुंगळ्या मोजून जमा होतात. क्लबाचाही हिशेब असतो, तो विचारल्याशिवाय मोडू नये. तीच पुंगळी सॅकच्या कप्प्यात विसरून तुम्ही सुट्टीला विमानतळावर गेलात की स्क्रीनिंगला बॅग बाजूला काढतात, आणि मग आठवीतल्या मुलाची आठवण पोलिसांना समजावून सांगत बसावं लागतं. त्याला छर्‍यांनी भोकं पडलेलं टार्गेटचं कार्ड आणू द्या.