फ्लामेंगोची स्थापना १८९५ ची की १९११ ची? आणि फुटबॉल क्लबच्या नावात 'रेगाटास' कशाला?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत. ब्राझीलच्या क्लबांचा तक्ता करायला घेतला तर एकेका क्लबची दोन-तीन स्थापना वर्षं सापडतात, त्यातलं कुठलं धरायचं? आणि फ्लामेंगो, वास्को यांच्या पूर्ण नावात 'रेगाटास', म्हणजे होड्यांच्या शर्यती, कुठून आल्या? मी दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण ते कळलं की पहिलं बरंचसं सुटतं.

कोल्हापूरच्या माणसाला हे सांगावं लागणार नाही. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम हे तिथले फुटबॉल संघ. नावात तालीम, पायात फुटबॉल. संस्था आधीची, खेळ नंतर आलेला. रिओमध्ये तालमीच्या जागी होडीघर ठेवा, की झालं.

१८९० च्या दशकात रिओत लोकांचा खेळ म्हणजे रोइंग. किनाऱ्यावरच्या वस्त्यांचे आपापले क्लब, खाडीत शर्यती, काठावर गर्दी. फुटबॉल तेव्हा इंग्रज साहेबांचा आणि युरोपात शिकून आलेल्या घरंदाज पोरांचा. फ्लामेंगो किनाऱ्यावरच्या काही तरुणांनी १८९५ मध्ये 'फेरुसा' नावाची जुनी होडी घेतली. ती समुद्रात उलटली, दुरुस्त करून आणली तर चोरीला गेली. तरी नोव्हेंबरात क्लब उभा राहिला. सभा भरली १७ तारखेला, पण कागदावर तारीख घातली १५ नोव्हेंबर, कारण तो ब्राझीलचा प्रजासत्ताक दिन. म्हणजे तारखेत हातचलाखी पहिल्या दिवसापासूनच आहे. रंग आधी निळा आणि सोनेरी होता, पण ऊन आणि खाऱ्या पाण्यात तो टिकेना, म्हणून वर्षभरात लाल-काळा आला.

फुटबॉल आलं सोळा वर्षांनी, तेही भांडणातून. फ्लुमिनेन्से हा क्लब मात्र फुटबॉलसाठीच निघाला होता: २१ जुलै १९०२, संस्थापक ऑस्कर कॉक्स, स्वित्झर्लंडमधल्या लोझानला शिकलेला. १९११ मध्ये फ्लुमिनेन्सेने रिओचं विजेतेपद मिळवलं आणि त्याच हंगामात संघनिवडीवरून आतल्या आत बिनसलं. नऊ खेळाडू बाहेर पडले. त्यांचा म्होरक्या आल्बेर्तो बोर्जेर्थ फ्लामेंगोकडून वल्हीही मारायचा, म्हणून तो सगळ्यांना तिकडे घेऊन गेला. २४ डिसेंबर १९११ ही फ्लामेंगोच्या फुटबॉल विभागाची तारीख. पहिला सामना ३ मे १९१२ ला.

होडीवाल्यांना ही मंडळी फारशी पसंत नव्हती. त्यांनी अट घातली की आमची आडव्या पट्ट्यांची जर्सी तुम्ही घालायची नाही. मग फुटबॉलवाल्यांनी लाल-काळ्या चार चौकोनांची जर्सी शिवली. ती कागदी पतंगासारखी दिसायची, त्यावरून तिला नावही तसंच पडलं. पुढे लाल-काळ्याच्या मधे बारीक पांढरी पट्टी आली. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा काळा-पांढरा-लाल हे तर जर्मन साम्राज्याच्या झेंड्याचे रंग, हे लक्षात आलं आणि १९१६ मध्ये पांढरा गेला. राहिली ती लाल-काळी आडवी पट्टी, म्हणजे रोइंगचीच जर्सी. आजही छातीवर 'सीआरएफ' (क्लुबे दे रेगाटास दो फ्लामेंगो) अशी तीन गुंतलेली अक्षरं असतात. त्यातलं 'आर' म्हणजे रेगाटास.

नऊ जण सोडून गेले तरी ७ जुलै १९१२ ला झालेला पहिला फ्ला-फ्लू, म्हणजे फ्लामेंगो विरुद्ध फ्लुमिनेन्से, सामना फ्लुमिनेन्सेनेच जिंकला, ३-२.

तेव्हा तुमच्या तक्त्यात एक रकाना पुरणार नाही. किमान तीन ठेवा: संस्थेची स्थापना, फुटबॉलची सुरुवात, आणि आजचं नाव कधीपासून. फ्लामेंगोपुढे पहिल्या दोन रकान्यांत १८९५ आणि १९११ येईल. फ्लुमिनेन्सेपुढे तिन्हीकडे १९०२. एकच रकाना ठेवायचा असेल तर क्लब स्वतः जे वर्ष मानतो ते लिहा, पण मग फ्लामेंगोला 'फुटबॉलमध्ये फ्लुमिनेन्सेहून जुना' म्हणू नका. ही चूक सर्रास होते.

वास्को द गामाचं उदाहरण आपल्याला जरा जवळचं. हा रिओतल्या पोर्तुगीज व्यापारी आणि कामगार मंडळींचा रोइंग क्लब, स्थापना २१ ऑगस्ट १८९८. नाव हे का, तर वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला त्याला तेव्हा चारशे वर्षं होत होती. ब्राझीलला पोचला तो दुसरा पोर्तुगीज दर्यावर्दी, काब्राल, १५०० मध्ये. म्हणजे गोव्यातल्या वास्को शहराचं नाव आणि रिओतल्या क्लबचं नाव एकाच माणसाचं, आणि दोन्हींचा धागा भारताच्या सागरी वाटेशी. चिन्हातलं गलबतही त्यातूनच आलं. फुटबॉल विभाग १९१५ चा.

१९२३ मध्ये वास्को रिओच्या स्पर्धेत वरच्या विभागात आला आणि पहिल्याच फटक्यात विजेता ठरला. संघात काळे, मिश्र वंशाचे आणि गरीब गोरे कामगार होते. फ्लामेंगो, फ्लुमिनेन्से, बोताफोगो वगैरेंनी १९२४ मध्ये वेगळी संघटना काढली आणि वास्कोला अट घातली की तुमचे बारा खेळाडू काढा, त्यांचे व्यवसाय आम्हाला संशयास्पद वाटतात. ७ एप्रिल १९२४ ला अध्यक्ष जोझे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी पत्र लिहून कळवलं की आम्ही खेळाडू काढणार नाही, तुमच्या संघटनेत येणार नाही. त्या पत्राला क्लबमध्ये आजही 'ऐतिहासिक उत्तर' म्हणतात. धड मैदान नाही हाही वास्कोवरचा आक्षेप होता. त्यावर सभासदांकडून वर्गणी गोळा करून त्यांनी साओ जानुआरिओ स्टेडियम उभं केलं. उद्घाटन २१ एप्रिल १९२७. त्या दिवशी पाहुण्या सांतोसने त्यांना ५-३ हरवलं, हा भाग क्लबवाले जरा हळू आवाजात सांगतात.

एक दुरुस्ती इथेच करतो. 'काळ्या खेळाडूला पहिल्यांदा घेणारा क्लब वास्को' असं बऱ्याच ठिकाणी वाचाल. बांगू हा कापड गिरणीचा क्लब, १९०४ चा, इंग्रज तंत्रज्ञ आणि फोरमन लोकांनी काढलेला. गिरणी शहरापासून लांब, तिथे अकरा इंग्रज जमवणं अवघड, म्हणून गिरणी कामगार संघात आले. फ्रान्सिस्को कारेगाल हा काळा खेळाडू १९०५ मध्येच बांगूकडून खेळला होता. वास्कोचं वेगळेपण हे की तसा संघ घेऊन तो जिंकला आणि दबाव आल्यावर वाकला नाही.

बोताफोगो हा तक्ता करणाऱ्याची परीक्षा बघणारा क्लब. मुळात हे दोन क्लब. एक रोइंगचा, १८९४. दुसरा फुटबॉलचा, १९०४, चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी पोरांनी काढलेला. बीजगणिताच्या तासाला फ्लाव्हिओ रामोसने मित्राकडे चिठ्ठी सरकवली की आपण क्लब काढू या, तिथून सुरुवात. दोघांची नावं सारखी, वस्ती एक, पण संस्था वेगळ्या. ११ जून १९४२ ला या दोघांमध्ये बास्केटबॉलचा सामना चालू असताना आर्मांदो आल्बानो हा खेळाडू कोसळला आणि गेला. त्या धक्क्यातून दोन्ही क्लब एकत्र आले, ८ डिसेंबर १९४२. चिन्हावरचा एकटा तारा रोइंग क्लबचा. इथे तिन्ही तारखा लिहा, एक निवडत बसू नका.

आता साओ पाउलो. तिथे समुद्र नाही, त्यामुळे गणित वेगळं. इथे क्लब निघाले ते परदेशी वसाहतींचे. ब्रिटिशांचा साओ पाउलो अॅथलेटिक क्लब १८८८ चा, क्रिकेटसाठी. चार्ल्स मिलर १८९४ मध्ये साउदॅम्प्टनहून दोन चेंडू आणि नियमांचं पुस्तक घेऊन परतला तो इथेच. १४ एप्रिल १८९५ ला रेल्वे विरुद्ध गॅस कंपनी असा सामना झाला, मिलरच्या रेल्वेने तो ४-२ जिंकला. राज्य स्पर्धेची पहिली तीन विजेतेपदं, १९०२ ते १९०४, याच क्लबने नेली आणि १९१२ मध्ये फुटबॉलच सोडून दिलं. जर्मनांचा जर्मानिया १८९९ चा.

आणि इटालियन लोकांचा 'पालेस्त्रा इतालिया', २६ ऑगस्ट १९१४. पालेस्त्रा हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ कुस्तीचा आखाडा. सरळ मराठीत 'इटली तालीम'. कोल्हापूरचा दाखला उगाच दिला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात ब्राझील दोस्त राष्ट्रांकडे गेलं आणि शत्रुराष्ट्रांची नावं मिरवणं अशक्य झालं. १९४१-४२ ही दोन वर्षं तक्त्यात लाल शाईने खुणावून ठेवा. जर्मानियाचा पिन्येइरोस झाला. पालेस्त्राने मार्च १९४२ मध्ये 'इतालिया' काढून 'पालेस्त्रा दे साओ पाउलो' केलं, तेही चालेना, म्हणून सप्टेंबरात 'पाल्मेइरास'. 'पी' हे अक्षर तेवढं वाचलं, जर्सीतला लाल रंग गेला. नव्या नावाचा पहिला सामना २० सप्टेंबर १९४२ ला साओ पाउलो एफसीशी, विजेतेपद ठरवणारा. खेळाडू ब्राझीलचा झेंडा धरून मैदानात उतरले. पाल्मेइरास ३-१ ने पुढे असताना त्यांना पेनल्टी मिळाली आणि समोरचा संघ मैदान सोडून गेला. बेलो ओरिझोंची शहरातही एक पालेस्त्रा इतालिया होता, २ जानेवारी १९२१ चा. त्याचाही १९४२ मध्येच क्रुझेइरो झाला, नाव दक्षिणेकडच्या क्रॉस या तारकासमूहावरून. दोघांचीही संस्था तीच राहिली, बदललं ते नाव. म्हणून स्थापना १९१४ आणि १९२१ हीच, १९४२ फक्त तिसऱ्या रकान्यात.

मग 'कोरिन्थियन्स' हे इंग्रजी नाव कसं टिकलं? इंग्लंड दोस्तांच्या बाजूला होतं, एवढं कारण मला पुरेसं वाटतं. १९१० मध्ये इंग्लंडचा कोरिन्थियन संघ दौऱ्यावर आला होता. त्याचा खेळ बघून बोम रेतिरो वस्तीतल्या पाच कामगारांनी १ सप्टेंबर १९१० ला क्लब काढला: दोन रंगारी, एक चांभार, एक गाडीवान, एक मजूर. जर्सी मुळात सायीच्या रंगाची होती, धुऊन धुऊन पांढरी झाली आणि तशीच राहिली. पण सावध राहा, या क्लबच्या चिन्हात वल्ही आणि नांगर आहेत. ते बघून 'हाही होडीवाला' असं लिहू नका. इथे उलटं झालं: फुटबॉल आधी, तिएते नदीवरचं रोइंग नंतर, आणि रेबोलो नावाच्या चित्रकाराने, जो आधी याच क्लबकडून खेळला होता, ती वल्ही पुढे चिन्हात घातली.

साओ पाउलो एफसीच्या बाबतीत १९३० आणि १९३५ दोन्ही वर्षं दिसतील. पाउलिस्तानो या जुन्या क्लबने व्यावसायिकतेला विरोध म्हणून फुटबॉल बंद केलं. त्याची माणसं आणि 'असोसिआसाओ आत्लेतिका दास पाल्मेइरास' या क्लबची माणसं मिळून २५ जानेवारी १९३० ला हा क्लब निघाला. १९३५ मध्ये एका विलीनीकरणात तो बुडाला आणि १६ डिसेंबरला पुन्हा उभा केला. क्लब १९३० धरतो, मीही तेच धरेन. कारण साधं आहे: १९३५ धरलं तर १९३१ चं राज्य विजेतेपद कुणाच्या नावावर घालणार?

'सगळ्यात जुना कोण' हे विचारलंत तर आधी कशात जुना ते ठरवा. फुटबॉलसाठी निघून आजही चालू असलेला सगळ्यात जुना म्हणजे स्पोर्ट क्लब रिओ ग्रांदे, १९ जुलै १९००. ब्राझीलचा राष्ट्रीय फुटबॉल दिन याच तारखेला असतो. कांपिनासचा पोंते प्रेता त्याच्यानंतर अवघ्या २३ दिवसांनी, ११ ऑगस्टला. साल्व्हादोरचा व्हितोरिया १८९९ चा, पण क्रिकेट क्लब म्हणून. याच रिओ ग्रांदेचा संघ ७ सप्टेंबर १९०३ ला पोर्तो अलेग्रेत प्रदर्शनी सामना खेळत असताना चेंडूतली हवा गेली. प्रेक्षकांतल्या कान्दिदो दियास या माणसाकडे स्वतःचा चेंडू होता, त्याने तो दिला आणि सामना संपल्यावर क्लब कसा काढतात ते पाहुण्यांकडून विचारून घेतलं. आठ दिवसांनी, १५ सप्टेंबरला, ग्रेमियो. ग्रेमियो म्हणजे मंडळ.

राहिला सारख्या नावांचा घोळ. जुन्या याद्यांत १९०९, १९१० आणि १९१५ चा साओ पाउलो राज्य विजेता 'पाल्मेइरास' दिसेल. तो आजचा हिरवा पाल्मेइरास नाही, वर सांगितलेला 'आत्लेतिका दास पाल्मेइरास'. १९०७ आणि १९२८ चा 'इंतेरनासिओनाल' हाही साओ पाउलो शहरातला एक बंद पडलेला क्लब. पोर्तो अलेग्रेचा आजचा लाल इंतेरनासिओनाल ४ एप्रिल १९०९ चा, त्यामुळे १९०७ चं विजेतेपद त्याच्या नावावर दिसलं की ती यादी डोळे झाकून वापरू नका.