मराठी शब्दांची वारंवारता काढायची आहे; एनएलटीके शिकावे की स्पेसी?

आपल्याकडे मराठी लेखांच्या काही हजार फाइली आहेत, त्यांतील कोणता शब्द किती वेळा आला हे मोजायचे आहे, पण पायथॉनमध्ये मोजायला घेतल्यावर ‘मराठी’ या शब्दाचे ‘मर’ आणि ‘ठ’ असे तुकडे पडतात. म्हणून भाषेवर काम करणाऱ्या पायथॉनच्या दोन लायब्रऱ्यांपैकी (तयार साधनसंचांपैकी) एनएलटीके शिकावे की स्पेसी, असे आपण विचारले आहे. एवढ्या कामासाठी या दोन्हींची गरज नाही, असे माझे मत आहे. शिवाय केवळ लायब्ररी बदलल्याने हा दोष जाईलच असेही नाही, कारण एनएलटीकेमधील वर्डपंक्ट टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारे साधन) आतून पायथॉनची तीच अंगभूत रेगेक्स (नमुना देऊन मजकूर शोधण्याची सोय) वापरतो आणि शब्द तसेच तोडतो.

दोषाचे मूळ असे आहे. प्रत्येक वर्णाला क्रमांक, म्हणजे संकेतांक, देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाच्या दृष्टीने ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी असे पाच संकेतांक आहेत. त्यांपैकी म, र, ठ यांची गणना ‘अक्षर’ या वर्गात होते, तर काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सारी ‘चिन्ह’ या वर्गात मोडतात. पायथॉनच्या अंगभूत रेगेक्समधील ‘शब्दातील वर्ण’ या संकल्पनेत अक्षरे, अंक आणि अधोरेषा बसतात, चिन्हे बसत नाहीत; त्यामुळे प्रत्येक मात्रेपाशी शब्द संपला असे तिला वाटते. ‘रेगेक्स’ याच नावाचे वेगळे मुक्त स्रोत पॅकेज मिळते, त्यात युनिकोडचे वर्ग थेट लिहिता येतात. ‘अक्षर किंवा चिन्ह, एक किंवा अधिक’ असा नमुना त्यात दिला की शब्द अखंड येतात, आणि पुढची मोजणी पायथॉनचा काउंटर करतो. हेच काम टर्मिनलवर ग्रेप, सॉर्ट आणि युनिक या आज्ञांच्या साखळीनेही होते. मात्र ग्नूचे टीआर हे वर्ण बदलणारे साधन तेवढे टाळावे, कारण ते बाइटनिहाय चालते आणि यूटीएफ-८ या युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण ३ बाइटांचा असतो.

खरी डोकेदुखी याच्या पुढे आहे. मी पहिल्यांदा अशी यादी केली तेव्हा ‘दुसऱ्या’ हा शब्द तीत दोनदा आला, वेगवेगळ्या संख्यांसह, आणि पडद्यावर दोन्ही रूपे अगदी सारखी दिसत होती. बऱ्याच वेळाने उलगडा झाला: एका लेखकाच्या कळफलकाने ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण, हलन्त आणि य असे टंकले होते, तर दुसऱ्याच्या कळफलकाने साधा र, हलन्त, शून्य रुंदीचा जोडक (पडद्यावर न दिसणारा वर्ण) आणि य असे. युनिकोडचे एनएफसी प्रमाणीकरण (एकच वर्ण लिहिण्याच्या वेगवेगळ्या रीती एका ठरलेल्या रूपात आणणे) करून घ्यावेच, ते पायथॉनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमध्ये उपलब्ध आहे. पण ‘ऱ’ हा एका संकेतांकाने लिहिलेला असो वा र आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) मिळून, एवढाच भेद ते मिटवते. जोडकाचा भेद त्याच्या कक्षेत येत नाही. तीच गोष्ट ‘ॲप’ची: कोणी अखंड ॲ लिहितो, कोणी अ आणि चंद्र जोडून, तर कोणी ऍ लिहितो, आणि एनएफसी या तिघांना तीन वेगळे शब्दच मानते. म्हणून आधी एनएफसी, मग आपली स्वतःची बदलांची छोटी यादी, आणि त्यानंतरच शब्द तोडणे, असा क्रम ठेवावा. हे बदल प्रतीवर करावेत, मूळ फाइली तशाच राहू द्याव्यात. इंडिक एनएलपी लायब्ररीत भारतीय लिप्यांसाठी तयार प्रमाणीकरण आहे आणि तिचा परवाना एमआयटी आहे. मात्र ते नेमके काय बदलते हे तिच्या स्रोतात एकदा वाचून पाहावे, नाहीतर आपली बदलांची यादी आणि तिचे नियम एकमेकांविरुद्ध जातील.

काही फाइली युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील, म्हणजे फॉन्ट बदलताच रोमन अक्षरांची खिचडी दिसत असेल, तर आधी त्यांचे रूपांतर करावे लागेल.

आता मोठ्या लायब्रऱ्यांविषयी. ‘घर’, ‘घरात’, ‘घराला’, ‘घरासमोरच्या’ ही सगळी रूपे एकाच शब्दाखाली मोजायची असतील तर त्यांचा प्रश्न खरोखर उद्भवतो. नुसते प्रत्यय छाटण्याचा मोह होतो, पण ‘त’ छाटला की ‘हात’चा ‘हा’ होतो आणि ‘ला’ छाटला की ‘आपला’चा ‘आप’. शिवाय सामान्यरूपातला ‘घरा’ उरतो तो वेगळाच. २००१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सुरू झालेले एनएलटीके शिकण्यासाठी उत्तम आहे आणि त्यासोबत शब्दजातींच्या खुणा केलेला थोडा मराठी मजकूरही मिळतो. स्पेसी वेगवान आहे, परंतु मराठीसाठी तिच्यात प्रशिक्षित मॉडेल मला मिळाले नाही. स्टॅनफर्डच्या स्टॅन्झा या लायब्ररीत मराठी मॉडेल आहे आणि ते मूळ रूपही सांगते, म्हणून मी सुरुवात तेथून करीन. तरी ज्या वृक्षसंग्रहावर (व्याकरणाच्या खुणा केलेल्या वाक्यांच्या संग्रहावर) ते शिकले आहे त्यात ५०० हूनही कमी वाक्ये आहेत हे ध्यानात ठेवावे. आपल्या यादीतील सर्वाधिक वारंवारतेचे दोनशे शब्द त्यातून काढून ते स्वतः डोळ्यांखालून घालावेत, आणि जेथे त्याने चुकीचे मूळ रूप दिले असेल तेथे हाताने केलेला तक्ता त्याच्यावर बसवावा.