भीती वाढली तरी बसमधून उतरू नका
वाचकांचे प्रश्न : चिंताविकार आणि ताण

या वेळच्या पत्रांत एक गोष्ट वारंवार दिसली. चिंताविकार असलेली माणसं ताण कमी करण्यासाठी खूप धडपडतात, पण त्यातले बरेच उपाय तेवढ्यापुरता जीव भांड्यात पाडतात आणि आजार मात्र वाढवतात. म्हणून काय करावं याइतकंच काय सोडावं, हेही इथे सांगितलं आहे.

प्रश्न : कामाचा ताण सगळ्यांनाच असतो. मग माझ्या काळजीला आजार कधी म्हणायचं?

ताणाला कारण असतं, आणि ते सरलं की ताणही ओसरतो. चिंताविकारात एक कारण संपतं न संपतं तोच मन दुसरं शोधून काढतं. सहा महिने किंवा जास्त काळ, बहुतेक दिवस, निरनिराळ्या गोष्टींची काळजी आवरता येत नसेल, जोडीला झोप न लागणं, अंग आखडणं, चिडचिड, थकवा असेल आणि काम किंवा नाती बिघडत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. थायरॉइडचीही तपासणी करून घ्या. थायरॉइडचं संप्रेरक वाढलं की धडधड, घाम, हातांची थरथर अगदी चिंतेसारखीच होते.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी बसमध्ये मला पॅनिक अटॅक (अचानक उसळणारा तीव्र भीतीचा झटका) आला. हृदयाच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आहेत. तरी बसमध्ये चढलो की धडधड सुरू होते आणि मी पुढच्याच थांब्यावर उतरतो. श्वासाचे व्यायाम करतो, पण ऐन वेळी उपयोग होत नाही.

तपासण्या झाल्या आहेत हे फार चांगलं. (ज्यांच्या झाल्या नाहीत त्यांनी आधी करून घ्याव्यात. छातीतलं दुखणं हात किंवा जबड्याकडे जात असेल, श्रमाने वाढत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर त्याला पॅनिक समजून घरी थांबू नये.)

पॅनिकचा त्रास साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग आपोआप उतरू लागतो. शरीर तेवढ्या जोरात फार वेळ घाबरलेलं राहू शकत नाही. तुम्ही मात्र त्या शिखराच्या आधीच उतरता. लगेच बरं वाटतं आणि मन चुकीचा धडा घेतं : ‘उतरलो म्हणून वाचलो.’ पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते, ती यामुळेच.

आता श्वास. घाबरल्यावर माणूस मोठमोठे, भराभर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो आणि ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. अशा वेळी ‘खोल श्वास घ्या’ हा सल्ला त्रास वाढवतो. श्वास खोल नको, संथ हवा. नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. खांदे उचलले जाऊ नयेत, पोट हलावं. हे शांत असताना रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं करा. फक्त अटॅकच्या वेळी आठवलेला श्वास कामी येत नाही, कारण शरीराला तो ठाऊकच नसतो. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय मात्र करू नका. त्रास खरोखर हृदयाचा किंवा दम्याचा असला तर तो घातक ठरू शकतो.

पण खरं काम श्वासाचं नाही, पायऱ्यांचं आहे. बसशी संबंधित आठ-दहा प्रसंग कागदावर लिहा आणि प्रत्येकाला ० ते १०० मध्ये भीतीचे गुण द्या. थांब्यावर उभं राहणं २०, सोबतीने दोन थांबे ४०, एकट्याने दोन थांबे ५५, गर्दीत दारापासून लांब बसून शेवटपर्यंत ९०, असं काहीसं. सुरुवात ३०-४० गुणांच्या पायरीने करा. निघण्याआधी एक वाक्य लिहा : ‘काय होईल असं मला वाटतंय?’ परतल्यावर त्याखाली प्रत्यक्षात काय झालं ते लिहा. भीती पूर्ण गेली नाही तरी चालेल. ठरलेल्या थांब्याआधी उतरायचं नाही, एवढं पाळा. एक पायरी आठवड्यातून चार-पाच वेळा करा आणि सोपी वाटू लागली की पुढची घ्या.

हे फसतं ते बहुधा तीन कारणांनी. पहिली पायरीच फार उंच निवडली जाते. दोन प्रयत्नांच्या मध्ये दहा-बारा दिवस जातात आणि भीती पुन्हा मूळ जागी येते. तिसरं कारण सगळ्यात छुपं आहे : आधार. खिशातली गोळी, हातातली पाण्याची बाटली, फोनवर चालू ठेवलेलं कुणाचं तरी बोलणं, दाराशेजारचीच जागा. हे जवळ असेपर्यंत मन श्रेय त्यांनाच देतं. पायऱ्या चढताना त्यातलं एकेक सोडायचं आहे. श्वासाचा व्यायामही बसमध्ये ‘अटॅक थोपवायला’ करू लागलात, तर तोही असाच आधार बनतो. बसमध्ये धडधडीला येऊ द्या, लक्ष खिडकीबाहेर असो वा छातीकडे, तिच्याशी झटापट करू नका.

धडधडीचीच भीती असेल, तर घरी एक मिनिट जागच्या जागी वेगाने धावा किंवा फिरत्या खुर्चीत एक मिनिट गोल फिरा. तीच लक्षणं मुद्दाम आणून ती निघून जाताना पाहिली, की त्यांचा धाक कमी होतो. हृदयरोग, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच करा. संपूर्ण उपचारपद्धती वर्तनोपचारतज्ज्ञांकडे साधारण १२ ते १६ बैठकींत शिकता येते, आणि त्रास मोठा असेल तर तीच वाट धरावी.

प्रश्न : पॅनिकमध्ये चक्कर येऊन पडत नाही असं वाचलं. पण मी सुई दिसली की खरंच पडते.

दोन्ही खरं आहे. पॅनिकमध्ये रक्तदाब सहसा वाढतो, म्हणून शुद्ध हरपणं क्वचितच घडतं. रक्त आणि सुईच्या भीतीत तो आधी वाढून मग एकदम खाली येतो. म्हणून इथे अंग सैल सोडायचं नाही, ताठ करायचं. बसून हात, पाय आणि पोटाचे स्नायू १० ते १५ सेकंद घट्ट आवळा. चेहरा गरम झाल्यासारखा वाटला की सोडा, २०-३० सेकंद नेहमीसारखं बसा, पुन्हा आवळा. असं पाच वेळा. आठवडाभर रोज सराव करून मग तपासणीला जा. ज्या हाताला सुई टोचायची तो तेवढा सैल ठेवा.

प्रश्न : रात्री अंथरुणाला पाठ टेकली की काळज्यांची रांग लागते.

काळजीला दिवसा वेळ द्या. रोज एकाच वेळी, एकाच जागी, २० मिनिटं, झोपेच्या किमान दोन तास आधी. एरवी काळजी आली की दोन शब्दांत टिपून ठेवा आणि ‘संध्याकाळी बघू’ म्हणून हातातल्या कामाकडे वळा. त्या २० मिनिटांत यादीचे दोन भाग करा. ज्यावर काही करता येईल त्यापुढे पहिलं पाऊल आणि वार लिहा. ज्यावर काहीच करता येत नाही, ते तिथेच सोडायचा सराव करा. पहिले काही दिवस हे कृत्रिम वाटतं, तरी चालू ठेवा. अंदाजे २० मिनिटं झोप आली नाही तर अंथरुणातून उठा, मंद उजेडात कंटाळवाणं काहीतरी करा आणि डोळे जड झाल्यावरच परत या. सकाळी उठायची वेळ बदलू नका. दुपारनंतर कॉफी नको, कारण घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं साधारण पाच तासांनीही शरीरात असतं. झोपेसाठी दारू तर नकोच. तिचा अंमल उतरताना चिंता दुप्पट जोराने वर येते.

प्रश्न : माझे पती दिवसातून अनेकदा विचारतात, ‘मला काही गंभीर झालं नसेल ना?’ मी दरवेळी धीर देते. बरोबर करते का?

तुमची माया समजते, पण हा धीर तासभरही टिकत नाही आणि विचारण्याची सवय घट्ट होते. एकदम बोलणं तोडूही नका. निवांत वेळी दोघांनी मिळून ठरवा की हा प्रश्न आला की उत्तर एकच असेल : ‘हा चिंतेचा प्रश्न आहे, आपण याचं उत्तर द्यायचं नाही असं ठरलंय. चल, फिरून येऊ.’ सुरुवातीला ते जास्त विचारतील, कदाचित चिडतीलही. डगमगू नका. जगण्यात अर्थ नाही असं ते बोलू लागले, तर मात्र हा नियम बाजूला ठेवा, त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : डॉक्टरांनी एसएसआरआय गटातली (चिंता आणि नैराश्यावर रोज घ्यायची) गोळी दिली. आठ दिवसांत अस्वस्थता उलट वाढली. बंद करू का?

स्वतःहून नको. पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, बेचैनी वाढणं नेहमीचं आहे आणि खरा फायदा दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. आजच डॉक्टरांना कळवा, कित्येकदा ते डोस निम्म्यावर आणून हळूहळू वाढवतात. बरं वाटू लागल्यावरही गोळी सहसा किमान सहा महिने ते वर्षभर चालते आणि थांबवायची तीही टप्प्याटप्प्याने. अचानक सोडली तर चक्कर, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटणं, चिडचिड होते. सोबत अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामसारखी झटपट शांत करणारी गोळी दिली असेल, तर ती किती दिवसांसाठी आहे हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. ती साधारण दोन ते चार आठवड्यांपुरती असावी, कारण शरीराला तिची सवय लागते. ती आधीपासून बरेच दिवस घेत असाल, तर एकदम थांबवणं धोक्याचं आहे, फिट्स येऊ शकतात. तिचाही डोस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवत न्यावा लागतो.