युती, आघाडी, गट, पॅनेल, समिती… समान राजकीय हितासाठी एकत्र आलेल्यांना नेमकं काय म्हणायचं?

तुमचा प्रश्न असा आहे की समान राजकीय हितासाठी एकत्र आलेल्या समूहाला एक नेमका मराठी शब्द हवा, पण कोशात चार-पाच शब्द एकाच ओळीत दिलेले असतात. एकच शब्द मिळणार नाही, हे आधीच सांगतो. मी शब्द निवडताना तीन गोष्टी बघतो: ही मंडळी निवडणूक लढवतात का, लढवत असतील तर कोणाच्या चिन्हावर, आणि उद्या त्यातला एखादा फुटला तर त्याचं काही बिघडतं का.

युती हा शब्द पंचांगवाल्यांच्याही रोजच्या वापरातला. गुरू-शनीची युती होते तेव्हा दोघं आकाशात जवळ दिसतात, पण कक्षा ज्याची त्याची. राजकारणातही तेच: पक्ष वेगळे, चिन्हं वेगळी, जागा तेवढ्या वाटून घेतलेल्या. आघाडी म्हणजे सैन्याची पुढची फळी. त्यावरून ‘दोघांची युती, अनेकांची आघाडी’ असा नियम काही जण सांगतात. ऐकायला बरा आहे, पण वापर तसा नाही. 1995 साली सत्तेवर आलेली शिवसेना-भाजपची ती युती आणि 1999 ची काँग्रेस-राष्ट्रवादीची ती आघाडी. मुख्य पक्ष दोन्हीकडे दोनच. पुढे हे शब्द जवळजवळ विशेषनामंच झाले. 25 सप्टेंबर 2014 ला दोन्ही एकाच दिवशी मोडल्या, तेव्हा ‘युतीही गेली, आघाडीही गेली’ एवढं म्हटलं तरी कोण कोणापासून सुटलं ते कळत होतं. गंमत म्हणजे भाजप मुंबईत युतीत असतो आणि दिल्लीत राष्ट्रीय लोकशाही आघाडीत, म्हणजे रालोआत. तेव्हा भाषांतर करताना नियम लावत बसू नका, ज्या गोतावळ्याचं जे नाव रुळलंय तेच ठेवा.

आघाडीबाबत हमखास होणाऱ्या चुका दोन. वंचित बहुजन आघाडी किंवा वसई-विरारची बहुजन विकास आघाडी हे एकेक स्वतंत्र पक्ष आहेत. नावात आघाडी दिसली म्हणून ‘आघाडीतील घटक पक्ष’ लिहिलं की फसलात. दुसरी चूक निकालाच्या दिवशीची: ‘आघाडीचे उमेदवार आघाडीवर’. त्या दिवशी सरळ ‘मविआ’ (महाविकास आघाडी) लिहावं, नाहीतर ‘पुढे’ म्हणावं.

महाराष्ट्रात आघाडीला कायद्यातही व्याख्या आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. पक्षांतराबद्दल स्थानिक सदस्यांना अपात्र ठरवणारा राज्याचा 1986 चा कायदा आहे. त्याच्या इंग्रजी मजकुरातही ‘आघाडी’ हा शब्द तसाच ठेवलाय. स्थानिक संस्थेच्या निवडणुकीत उमेदवार उभे करण्यासाठी पक्ष म्हणून एकत्र आलेला व्यक्तींचा समूह, असा त्याचा आशय. ‘अमुक शहर विकास आघाडी’ नावाचे जे फलक नगरपालिकेच्या निवडणुकीत दिसतात ते यातून येतात. महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद आणि पंचायत समिती या चार ठिकाणी हा कायदा लागू होतो. अशा आघाडीच्या तिकिटावर निवडून आलेल्याने तिचा पक्षादेश (व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा हुकूम) मोडला तर त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. म्हणजे नगरपालिकेतली आघाडी माणसाला बांधते. विधानसभेतली पक्षापक्षांची आघाडी आमदाराला बांधत नाही, त्याला बांधतो त्याचा पक्ष.

ग्रामपंचायत या कायद्यात नाही, आणि तिथे पक्षाची चिन्हंही नसतात. म्हणून गावात ना युती ना आघाडी, गावात ‘पॅनेल’. पॅनेल टाकतात, पॅनेल बसतं, पॅनेल पडतं. कारखाना आणि बाजार समितीच्या निवडणुकीतही हाच शब्द. प्रभागात तीन जागा असल्या की मतदाराला तीन बटणं दाबायची असतात, आणि प्रचाराचा सगळा जोर ‘पॅनेल टू पॅनेल’ मतदानावर असतो: तिन्ही मतं एकाच बाजूला टाका. भावकीतला एखादा समोरच्या पॅनेलमध्ये असला की दोन मतं इकडे आणि एक तिकडे जातं, आणि पॅनेलप्रमुखाचं गणित तिथेच कोलमडतं. निकाल लागला की पॅनेल विरलं तरी चालतं, कारण कोणावर कसलाच पक्षादेश नसतो. या शब्दाला शुद्ध मराठी पर्याय शोधू नका. ‘नामिका’ लिहिलंत तर गावात कोणालाच कळणार नाही.

गट हा सगळ्यात सैल शब्द. पक्षाच्या आत असेपर्यंत ‘अमक्याचा गट’ म्हणणं सोपं, सभागृहात मात्र तो तोलून वापरावा लागतो. पूर्वी एक-तृतीयांश आमदार फुटले तर त्यांना वेगळा गट म्हणून संरक्षण मिळायचं. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने ती सवलत गेली. आता उरलीय ती विलीनीकरणाची वाट, आणि तिला विधिमंडळ पक्षाचे, म्हणजे सभागृहातल्या त्या पक्षाच्या आमदारांपैकी, दोन-तृतीयांश सदस्य लागतात. त्यामुळे ‘वेगळा गट स्थापन केला’ असं आजच्या बातमीत लिहिताना त्याला कायद्याचं कवच आहे असं वाटू देऊ नका. गटनेता (सभागृहातला पक्षाचा नेता) आणि प्रतोद (पक्षादेश बजावणारा) यांतही घोळ होतो. दोघांनाही नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये सांगितलंय.

एकच मागणी घेऊन वेगवेगळ्या पक्षांची माणसं एकत्र आली की समिती, कृती समिती, संघर्ष समिती. सगळ्यात मोठं उदाहरण 6 फेब्रुवारी 1956 ला पुण्यात स्थापन झालेली संयुक्त महाराष्ट्र समिती. कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप (शेतकरी कामगार पक्ष), शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एरवी एका पंगतीला बसले नसते. 1 मे 1960 ला राज्य मिळालं आणि समितीला धरून ठेवणारं काही उरलं नाही, ती विस्कटली. बेळगावकडची महाराष्ट्र एकीकरण समिती अजून आहे, कारण सीमाभाग महाराष्ट्रात यावा ही तिची मागणी अजून पुरी झालेली नाही.

हिंदीतून भाषांतर करत असाल तर ‘मोर्चा’ जपून. हिंदीत तो फ्रंट, आपल्याकडे रस्त्यावरून निघणारा. ‘युवा मोर्चा’ ही संघटना आहे हे वाचकाला आधी माहीत असेल तरच वाक्य सरळ लागतं. मात्र 2016 पासून मराठा क्रांती मोर्चा हे मराठीतही रस्त्यावरच्या मोर्चांवरून संघटनेला चिकटलेलं नाव झालंय. ‘गठबंधन’ मात्र मराठीत नकोच.

निवडणूक न लढवता सरकारवर वजन टाकणारे ते दबावगट. हा पाठ्यपुस्तकातला, निरुपद्रवी शब्द. ‘लॉबी’त आरोप असतो: साखर कारखानदार स्वतःला ‘संघ’ म्हणवतात, ‘साखर लॉबी’ त्यांना बाकीचे म्हणतात. ‘कंपू’ त्याहून खाली. एकेकाळी शिंद्यांच्या कवायती पलटणींना कंपू म्हणत, तेव्हा त्यात हिणकस काही नव्हतं. आज कोणी आपल्याच गोटाला कंपू म्हणणार नाही. ‘कॉकस’ला, म्हणजे समान हितासाठी जमलेल्या सभागृहातल्या सदस्यांच्या गटाला, रुळलेला शब्द नाही, तिथे ‘सर्वपक्षीय महिला आमदारांचा गट’ असं फोडून लिहा. जागा जास्त लागते, पण वाचक अडखळत नाही.