टेनिस एल्बोचा पट्टा नेमका कुठे बांधायचा? रात्री काढायचा का?

तुम्ही लिहिलंय की म्हापशाला सुतारकाम करता, दोन महिने उजव्या कोपराची बाहेरची बाजू दुखते, डॉक्टरांनी टेनिस एल्बो म्हणून पट्टा बांधायला सांगितला. पण कुठे, किती घट्ट आणि किती वेळ, ते काही सांगितलं नाही. मी डॉक्टर नाही, फोंड्यात खानावळ चालवते. टेनिसची रॅकेट जन्मात हातात धरली नाही, पण वीस वर्षं आडोळीवर बसून नारळ खवलेत. करवंटी मुठीत दाबून मनगट फिरवत राहायचं, म्हणजे तुमचं स्क्रू पिळणंच की!

माझं गेल्या चवथीला (गणेश चतुर्थीला) बिनसलं. नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) ऑर्डरी होत्या, तीन दिवसांत शंभरेक नारळ खवले. चौथ्या दिवशी सकाळी चहाचं पातेलं उचलायला गेले आणि ते हातातून सुटलंच. फार्मसीत विचारलं तर कोपरावर चढवायची लवचिक बाही दिली. मला तिची नुसती ऊब लागली. मग पट्टा आणला आणि तो बरोबर दुखऱ्या हाडावर आवळला. दुखतं तिथेच बांधायचं, दुसरीकडे कशाला, असा माझा हिशेब. पंधरा दिवसांत हाड आणखी ठणकायला लागलं.

शेवटी सरकारी इस्पितळातल्या फिजिओकडे गेले. तिने पट्टा काढून बाजूला ठेवला आणि बॉलपेनने माझ्या हातावर आडवी रेघ मारली. "इथे. हाडावर नव्हे." भांडी घासून रेघ जायची, म्हणून आठवडाभर रोज सकाळी मी ती नव्याने मारत होते.

ती रेघ तुम्हीही मारा. कोपर वाकवा, तळहात खाली. बाहेरच्या बाजूचं टोकदार हाड चाचपा. तिथून मनगटाच्या दिशेने दोन बोटं सोडा आणि मूठ आवळून मनगट थोडं वर उचला. बोटांखाली जो स्नायू टरारून वर येतो, त्यावर पट्ट्याची गादी यायला हवी. बांधताना मात्र मूठ सैल सोडा. पट्ट्याखाली एक बोट सरकलं पाहिजे. बांधून झाल्यावर हातोडी उचलून बघा. आधीपेक्षा कमी दुखलं तर जागा बरोबर आहे, नाहीतर अर्धं बोट वर-खाली सरकवा. सरकवूनही काहीच फरक नसेल तर तुम्हाला पट्टा लागू पडत नाही असं समजा. काहींना पडत नाही. मुंग्या आल्या, पंजा सुजला किंवा गार पडला तर लगेच सैल करा; मनगट आणि बोटं वर उचलणारी नस (मज्जातंतू) तिथूनच जाते.

रात्री काढायचाच. नुसते बसला असाल तेव्हाही काढायचा. पट्टा फक्त कामापुरता.

यामागचं कारण मला पटलं म्हणून सांगते. मनगट वर उचलणारे स्नायू टेंडनने, म्हणजे दोरीसारख्या चिवट टोकाने, त्या हाडाला बांधलेले असतात. (आपण सगळ्यालाच शीर म्हणतो, ती शीर नव्हे.) पकड घट्ट केली की सगळी ओढ त्या टोकावर येते. पट्टा स्नायूला मध्येच दाबतो, त्यामुळे टोकाला कमी ताण पोचतो. पण टेंडन त्याने बरं होत नाही. ते हळूहळू भार देऊनच तयार करावं लागतं.

मी करते तो व्यायाम असा. हात टेबलावर, तळहात खाली, पंजा कडेबाहेर, मुठीत अर्ध्या लिटरची भरलेली बाटली. डाव्या हाताच्या मदतीने मनगट वर न्यायचं, मग मदत सोडून पाच आकडे मोजत सावकाश खाली आणायचं. दहा-पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशीपर्यंत ठणका राहिला तर बाटली अर्धी करा. दीड महिना काही कळत नाही, कंटाळा येतो. मला पातेलं एका हाताने उचलायला सात महिने लागले.

इंजेक्शन घ्या असंही कोणीतरी सांगेल. स्टेरॉइडने पहिले काही आठवडे छान वाटतं, तिथेच फसगत होते. ऑस्ट्रेलियात 165 जणांवर झालेला एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यात स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचं दुखणं वर्षभरात उलटलं. नुसत्या सलाइनचं इंजेक्शन मिळालेल्यांत हे प्रमाण 12 टक्के होतं. मी घेतलं नाही.

करंगळी बधिर होत असेल, मान वळवली की हातात कळ जात असेल, कोपर सुजून लाल झालं असेल किंवा सरळच होत नसेल, तर पट्ट्याचा नाद सोडा आणि आधी पुन्हा दाखवा.

आता तुमच्या कामाचं. स्क्रूला ड्रिल मशीन वापरा, हाताने पिळू नका. हातोडीच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून तो जाड करा, म्हणजे कमी आवळावं लागतं. फळी उचलताना तळहात वर आणि कोपर अंगाशी. मी खानावळीत नारळाचं मशीन घेतलं. सासूबाई त्यातल्या खोबऱ्याला अजून नावं ठेवतात, त्यामुळे घरचे दोन नारळ आडोळीवरच होतात, पट्टा बांधून.