मासा फेकून दिला, आता दावा कशाच्या जोरावर?

ठाण्याच्या एका वाचक भगिनींनी ॲपवरून सुरमईचे तुकडे मागवले. बंद ट्रेमधल्या एका तुकड्यात पांढरी, गुंडाळी झालेली अळी दिसली, मग दुसऱ्यातही. तोवर निम्मे तुकडे तळून खाऊन झाले होते. रात्री अंगावर गांधी उठल्या. उरलेला माल सकाळी कचऱ्यात गेला. कंपनीने चॅटवर माफी मागून पैसे परत केले. हे सगळं मागच्याच्या मागच्या नारळी पौर्णिमेनंतरचं. प्रश्न असा, की पाच लाखांची भरपाई मिळेल का?

अशी पत्रं सारखी येतात. मासा बदलतो, कचऱ्याचा डबा तोच. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकायला सगळ्यांना वेळ असतो, पण एक तुकडा डबीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचं कुणाला सुचत नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 38 नुसार, चाचणीशिवाय दोष कळणार नसेल तर ग्राहक आयोग नमुना घेऊन, सील करून प्रयोगशाळेकडे पाठवतो. तुमच्याकडे पाठवायला काही उरलेलंच नाही.

अन्न सुरक्षा कायद्यात 'असुरक्षित अन्ना'च्या व्याख्येत कीड लागलेलं अन्न येतं, हे तुम्ही बरोबर शोधलंत. पण व्याख्येची सुरुवात वाचायची राहिली : ते आरोग्याला अपायकारक असलं पाहिजे. समोरचा वकील नेमका इथे उभा राहणार. तो सांगेल, की ॲनिसाकिससारखे कृमी खुल्या समुद्रातल्या माशांत असतातच. पूर्ण वाढलेला कृमी देवमासा, डॉल्फिन यांच्या पोटात राहतो. त्याची अंडी पाण्यात पडतात आणि अळी कोळंबीसारख्या बारीक जिवांतून माशात येते. त्यात विक्रेत्याचा काय गुन्हा? आतपर्यंत 60 अंशांवर मिनिटभर शिजवलं की ती मरते, आणि बाईंनी तर मासा तळला होता. यातलं बरंचसं खरं आहे. तुमच्या तुकड्यातली अळी हीच होती का, हे फोटोवरून मी सांगू शकत नाही. शिवाय अन्न सुरक्षा कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल घ्यायची मुदत एक वर्ष. अन्न सुरक्षा आयुक्त कारणं नोंदवून ती तीन वर्षांपर्यंत वाढवू शकतात, पण त्या आशेवर बसू नका. याच कायद्याचं कलम 40 ग्राहकाला स्वतः अन्न तपासून घेऊ देतं, मात्र तसा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगायला हवा. ॲपवर तो कोणाला सांगायचा, हे कायद्यात नाही.

तुमचं सगळं प्रकरण एका शब्दसमूहावर उभं आहे. ग्राहक कायद्याच्या कलम 2(10) मध्ये 'दोषा'ची व्याख्या आहे. कायद्याने किंवा कराराने जो दर्जा राखायला हवा त्यातली उणीव हा दोष आहेच, पण व्यापाऱ्याने 'कोणत्याही प्रकारे' ज्या दर्जाचा दावा केला, त्यातली उणीवही दोषच. म्हणून मासळी बाजारात कोळीणबाईंकडून घेतलेली सुरमई आणि ही सुरमई यांत फरक आहे. बाई कल्ला उचलून लाल रंग दाखवते, पोट दाबून दाखवते, निवड तुमची. इथे तुकडे आधीच कापलेले, वर प्लास्टिक ताणलेलं, आणि ॲपच्या पानावर, तुमच्या आठवणीप्रमाणे, 'प्रत्येक तुकडा तपासलेला, शंभर टक्के स्वच्छ'. समुद्राने बिनकृमीचा मासा देण्याचं वचन दिलेलं नाही, या विक्रेत्याने जवळजवळ दिलं. अळी डोळ्यांना दिसत होती, म्हणजे तपासणारा असता तर त्यालाही दिसली असती. दावा असा मांडला तर प्रयोगशाळेची गरज पडू नये. आयोग मानेलच असं मी म्हणत नाही.

पण ते वाक्य आठवणीत असून उपयोग नाही. त्या पानाचा स्क्रीनशॉट, ऑर्डरची मेल, ट्रेवरचं लेबल, यांतलं काय आहे ते शोधा. ग्रुपवरचा फोटो नको, मोबाइलमधली मूळ फाइल लागेल. चॅट पूर्ण उतरवून घ्या. 'मासा नैसर्गिक असल्याने असं होतं' असं त्यांच्या माणसाने लिहिलं असेल, तर अळी होती हे त्यांनीच कबूल केलं. पैसे परत घेतलेत म्हणून तक्रारीचा हक्क आपोआप जात नाही, मात्र परतावा घेताना 'तक्रार मिटली'वर टिक केलीत का, ते पाहा.

आता मुदत. ग्राहक कायद्याच्या कलम 69 प्रमाणे दोन वर्षं, आणि तुमची भरत आली आहेत. तारीख बिलावरची धरा, तिथी नव्हे. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण लागतं, 'लक्षात आलं नाही' हे कारण नव्हे. तक्रार ग्राहक आयोगांच्या 'ई-जागृती' पोर्टलवर घरबसल्या दाखल होते, ठाण्याच्या जिल्हा आयोगात चालते आणि तुमच्या खरेदीच्या रकमेवर फी शून्य आहे. चाचणी नसेल तर तीन महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांची वही जवळ ठेवा.

अंगावर उठलेल्या गांधींचं मी जपूनच लिहितो. या कृमीची ॲलर्जी असते, आणि मेलेल्या अळीनेही ती उठू शकते, असं वैद्यकशास्त्र सांगतं. पण नीट बर्फात न ठेवलेल्या सुरमईत हिस्टामिन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य वाढूनही अंग असंच फुलतं. त्या रात्री डॉक्टरांकडे गेला असाल तर तो कागद जोडा, नसाल तर हा मुद्दा एका ओळीत उरका. पाच लाखांचा आकडा खोडा. मानसिक त्रास आणि खर्च मिळून हजारांत बसेल अशी रक्कम मागा, आणि नोटिशीच्या मसुद्यात महिना घालवू नका. आधी तक्रार दाखल करा.