रीत बरोबर असूनही उत्तर थोडं मागेपुढे का येतं?

प्रश्न असा आहे: पोरगं आठवीत आहे, रीत पाठ आहे, तरी टक्केवारी आणि वर्गमुळाच्या गणितांत उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नाही. कुठे चुकत असेल?

बहुतेक वेळा आकडा फार लवकर तोडला जातो, म्हणजे जवळच्या आकड्यावर आणला जातो. कापसाचंच गणित घ्या. २३ क्विंटल ४० किलो कापूस, रुईचा उतारा (सरकी काढल्यावर उरणाऱ्या रुईचं प्रमाण) ३४.६ टक्के, तर १७० किलोच्या गाठी किती? २३४० × ३४.६ ÷ १०० = ८०९.६४ किलो रुई. त्याला १७० ने भागलं की ४.७६. पोरानं सुरुवातीलाच ३४.६ चे ३५ केले तर रुई ८१९ किलो होते आणि उत्तर ४.८२ येतं. म्हणून मधल्या पायऱ्यांत मागितल्यापेक्षा दोन अंक जास्त ठेवा, आणि तोडायचं ते शेवटी, एकदाच. ४.७४६ ची एका दशांश स्थळापर्यंत किंमत ४.७ आहे. आधी ४.७५ आणि मग ४.८ करणं चूक, कारण पाहायचा तो लगेच पुढचा एकच अंक, इथे ४.

प्रश्न नेमकं काय विचारतो तेही बघायला लावा. वरच्या गणितात पूर्ण गाठी विचारल्या तर उत्तर ४, ५ नाही. उलट १७२० किलो तुरीला ५० किलोचे कट्टे किती लागतील? ३४.४ येतं, पण कट्टे ३५ लागतात, उरलेली २० किलो तूर कशात भरणार? नियमानं ३४ लिहिलं तर गणित गेलं.

वर्गमुळात सगळ्यात जास्त घात शून्य करतं. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. वावर चौरस असेल तर एक धुरा, म्हणजे एका बाजूचा बांध, किती लांब? भागाकार रीतीत उजवीकडून जोड्या पाडा: ४, ३५, ६०. पहिला अंक २, बाकी ०. ३५ खाली घेतले, दुप्पट ४; ४१ × १ = ४१ बसत नाही, म्हणून उत्तरात शून्य लिहायचंच. इथेच पोरं शून्य गाळतात. आता ६० खाली घेऊन ३५६०; ४०८ × ८ = ३२६४, बाकी २९६. दशांश चिन्ह देऊन २९६००; ४१६७ × ७ = २९१६९, बाकी ४३१. मग ४३१०० मध्ये ४१७४१ × १. पुढचा अंक शून्य येतो, म्हणून दोन स्थळांपर्यंत उत्तर २०८.७१ फूट. शून्य गाळलं तर २८ वर काहीतरी येतं. भागाकाराआधीच २०० चा वर्ग ४०,००० आणि २१० चा ४४,१०० हे वहीत लिहून ठेवलं तर ही चूक तिथल्या तिथे दिसते. मला ही सवय रीतीइतकीच महत्त्वाची वाटते.

दशांशात जोड्या चिन्हापासून दोन्ही बाजूंना पडतात. ०.९ म्हणजे ०.९०, आणि ९० चं मूळ ९ च्या वर, म्हणून उत्तर ०.९५ च्या आसपास. ०.३ नव्हे, तो ०.०९ चं मूळ.

टक्केवारीत मात्र आकडेमोडीआधी एकच विचारायला लावा: कशाचे टक्के? भाव ७००० वरून ८४०० झाला तर वाढ १४०० ÷ ७००० = २० टक्के. तोच परत ७००० वर आला तर घट १४०० ÷ ८४०० = १६.६७ टक्के. दोन्हीकडे २० लिहिलं असेल, तर पोराला भाग द्यायचा आकडा, म्हणजे आधीचा भाव, अधोरेखित करायला सांगा आणि मगच भागाकार करू द्या.